दसऱ्याला घासलेलं पिस्तूल

आनंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये इथला तो कोरडा चीजपाव चावत बसलो होतो. मेधावहिनींचा आवाज अगदी शांत होता. "भावजी, संपलं हो..." एवढंच म्हणाल्या.  हे होणार हे डॉक्टरांनी काही महिन्यांपूर्वी सांगितलं होतं, तरी हातातला पाव तसाच टाकून मी धावत निघालो. आज त्याला महिना होऊन गेला, आणि अजूनही शनिवार उजाडला की मला वाटतं, आता खालच्या मजल्यावरून आनंद ओरडणार, "अरे, चल, हेंकच्या दुकानात जाऊन येऊ!"

आम्ही दोघं एकाच कंपनीचे. दोन हजार चार साली पुण्याहून आलो आणि हेगजवळच्या झूटरमेरमध्ये एकाच इमारतीत खाली-वर राहिलो. बाकी मराठी मंडळी शनिवार-रविवारी क्रिकेट खेळायची, पॅरिसला जाऊन मनोऱ्यापुढे फोटो काढायची. आनंदला नाद लागला तो जुन्या बंदुकांचा. राणीच्या वाढदिवसाला इथं सगळा देश आपल्या घरातली अडगळ फुटपाथवर मांडून बसतो. तिथं एका आजीबाईंच्या चादरीवर, कपबशा आणि डोळा फुटलेल्या बाहुलीच्या मधे, त्याला एक ठासणीचं पिस्तूल दिसलं. तोंडातून दारू ठासायची, वर गोळी घालायची, तसलं. लाकडी दस्ता, आणि दस्त्याच्या बुडाला पितळेची छोटीशी वाटी. आनंदनं ते घेतलं नाही. आधी आजीबाईंचा पत्ता घेतला, मग नगरपालिकेत विचारलं, मग पोलिसांत विचारलं, आणि एवढ्या पुराण्या हत्याराला परवाना लागत नाही असं दोन्हीकडून ऐकल्यावरच जाऊन घेऊन आला. पुणेरी माणूस, एका ठिकाणी विचारून त्याचं समाधान होणं शक्यच नव्हतं.

मग तो शिकत गेला. पुस्तकं आणली, बाजार पालथे घातले. पिस्तुलं घ्यायची, साफ करायची नाहीत, फक्त कोरड्या फडक्यानं पुसायची, अभ्यास करायचा आणि हेगच्या एका गल्लीत हेंक नावाच्या म्हाताऱ्याचं गहाणाचं दुकान होतं तिथं विकायची. हेंककडे अंगठ्या, घड्याळं, व्हायोलिनं, काय वाटेल ते गहाण पडलेलं असे. पण जुनी हत्यारं तो थेट विकत घेई. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आनंद म्हणायचा, "आंबा कसा देठाशी हुंगून घेतोस? तशी बंदूक स्क्रूपाशी बघायची. स्क्रूची खाच झिजलेली दिसली की समजायचं, कुणीतरी पोटात हात घातलाय." नळीवरची खूण आणि घोड्याच्या पट्टीवरची खूण एका घराण्याची आहे का, लाकूड जिथं हात लागतो तिथंच काळवंडलंय की सगळीकडे सारखं... सगळीकडे सारखं असलं तर ते काल केलेलं. जुनेपणाचा तो काळपट थर हीच खरी किंमत, असं तो मला आणि वहिनींना कितीदा तरी ऐकवायचा. आम्ही दोघंही मान डोलवायचो आणि विसरायचो.

हेंक आणि आनंद यांचा सौदा बघण्यासारखा असे. आकडा जो आधी बोलेल तो हरला, असा दोघांचा अलिखित नियम. हेंक पिस्तूल उलटंसुलटं करी, कॉफी करी, डब्यातून प्रत्येकी एकच बिस्कीट देऊन डबा बंद करी. आनंद खिडकीबाहेर बघत बसे. अर्धा-अर्धा तास कुणी बोलत नसे. मी मात्र ट्रामच्या वेळा बघून कासावीस व्हायचो.

गेल्या उन्हाळ्यात त्याचं पोट दुखायला लागलं. इथला घरचा डॉक्टर, हाउसआर्ट्स, गोळी देऊन परत पाठवायचा. शेवटी मोठ्या इस्पितळात स्वादुपिंडाचा आजार निघाला. आनंदनं दुसऱ्याच आठवड्यात कपाट उघडलं. "मी गेल्यावर ही लोखंडं घेऊन मेधा कुठं फिरेल? कुणीही टोपी घालेल तिला. माझ्या हातानं सगळं विकून टाकतो." मला राग आला होता त्याचा, इतक्या शांतपणे तो हे बोलला म्हणून. एकेक करत सगळी गेली. राहिलं ते पहिलंच, आजीबाईंचं. ते विकायचं त्याच्या जिवावर आलं होतं, पण सर्वांत किमतीचंही तेच होतं, आणि हेंकनं एक संग्राहक गाठून ठेवला होता.

खंडेनवमीला आनंद उपचारांसाठी इस्पितळात होता. वहिनी घरी एकट्या. त्यांनी शस्त्रपूजेला स्क्रू-ड्रायव्हर मांडला, लॅपटॉप मांडला आणि ते पिस्तूल काढलं. देवापुढे असं कळकट कसं ठेवायचं? शिवाय उद्या-परवा दुसऱ्याच्या घरी जाणारी वस्तू. त्यांनी चिंच भिजवली, मीठ घेतलं आणि समई घासतात तसं ते पिस्तूल घासलं. मग हळद-कुंकू वाहिलं, आणि शनिवारी, आनंद घरी आल्यावर, ते धुतलेल्या पंच्यात बांधून माझ्या हातात दिलं.

हेंकनं पंचा सोडला... आणि पितळ असं लखलखलं की त्यानं चष्मा काढला. आनंदचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आधी पांढराफटक पडला, आणि मग त्याला हसूच फुटलं; हसता हसता खोकला, पोट धरून खाली बसला.

"कुणी केलं हे?" हेंकनं विचारलं.

"माझ्या बायकोनं. देवासाठी."

हेंकनं पितळेची वाटी उजेडात धरून पाहिली. मग म्हणाला की दीडशे वर्षांचा रंग होता, संग्राहक आता हात लावणार नाही. आणि मग त्या म्हाताऱ्यानं स्वतःहून एक आकडा सांगितला. पहिल्यांदाच तो आधी बोलला होता. बिस्किटांचा डबा त्यानं उघडाच ठेवला. आनंदनं नको म्हणून मान हलवली आणि पिस्तूल परत पंच्यात गुंडाळायला घेतलं. "उघड्या हातानं धरू नकोस," हेंक म्हणाला, "ताज्या घासलेल्या पितळेवर बोटांचे डाग बसतात."

ट्राममध्ये आनंद मला म्हणाला, "तिला सांगायचं नाही हं. माझंच मन झालं नाही, असं सांगू." मी हो म्हटलं.

तो पूर्ण हिवाळा त्यानं खिडकीशी खुर्चीत काढला. पिस्तूल मांडीवर, मूठ दस्त्यावर, अंगठा पितळेच्या वाटीवर. हेंकचं त्यानं मुळीच ऐकलं नाही. मी चिडवलं तर म्हणायचा, "रंग परत यायला शंभर वर्षं हात लागायला हवा. मी सुरुवात करून ठेवतोय." शेवटी शेवटी बोलणं कमी झालं, पण अंगठा तिथंच असायचा.

परवा वहिनींकडे गेलो होतो. यंदा घरात सण नाही, पण देव घासायचे थोडेच चुकतात? वहिनींनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून ताम्हन, समई, घंटा, सगळं घासून ओळीनं मांडलं होतं. शेजारी पिस्तूलही होतं. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "मला त्याच दिवशी कळलं होतं, भावजी. त्यांना कुठं खोटं बोलता यायचं?"  त्यांनी पिस्तूल पंच्यानं उचलून माझ्यापुढे धरलं. वाटी अजून बरीचशी चकचकीत होती. फक्त मधे एक तपकिरी, लांबट डाग होता. खिडकीच्या उजेडात नीट पाहिलं तर त्यात रेषा दिसत होत्या.

वहिनींनी ते तसंच देवापाशी ठेवलं आणि चिंचेचं भांडं दूर सरकवलं.

"बाकी सगळं घासते," त्या म्हणाल्या. "हे नाही."