केशर नसलेली जिलेबी

न्हावऱ्याला माझं जिलेबीचं दुकान आहे. पाटीवर हौसेनं 'केशर जिलेबी' लिहून घेतलं होतं. केशर मी जन्मात आणलं नव्हतं. डबीतला पिवळा रंग चिमटीनं पिठात टाकायचो. डबीवर 'खाण्याचा रंग' असं छापलेलं, खाली बारीक अक्षरात टारट्राझीन. माप कधी बघितलं नाही.

थोरली बहीण, आमची आक्का, राहू गावात दिलेली. दर आठवड्याला मी तिच्याकडं जिलेबी घेऊन जायचो. पुढं तिच्या अंगावर गांधी उठायला लागल्या. सगळे म्हणाले, पित्त. एकदा तिचा ओठ सुजला, तेव्हा मी तिला दौंडला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी एकेक खाणं विचारलं आणि जिलेबीपाशी थांबले.

"दुकान तुमचंच ना? पिवळा रंग टाकता का? बहुतेकांना काही होत नाही, पण एखाद्याला तो सोसत नाही. अशाच गांधी उठतात."

माझ्याआधी आक्काच म्हणाली, "रंग कशाला टाकंल तो? केशर असतंय त्यात."

डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले. मी म्हणालो, "व्हय, केशरच."

बाहेर बाकावर गावची दोन माणसं बसली होती. ती नसती तरी मी हेच बोललो असतो.

मग डॉक्टरांनी एकेक पदार्थ बंद करून बघायला सांगितलं. आक्कानं शेंगदाणे, वांगं, अंडी सोडली. मीही काहीतरी सबब सांगून जिलेबी न्यायची बंद केली. गांधी थांबल्या. तिला वाटलं, शेंगदाण्यानंच होत होतं. वर्षभर ती कूट न घालता कालवण करत राहिली आणि मी ते मुकाट्यानं जेवत राहिलो.

भाचीच्या साखरपुड्याला जिलेबी माझीच होती. पाव्हण्यांपुढं फिकट जिलेबी कशी ठेवायची, म्हणून रंग टाकला. गडबडीत आक्का कुठली खातेय, असं मनाला समजावलं. तिनं खाल्ली. डोळे सुजले, श्वास लागला. दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर उतार पडला.

दुसऱ्या दिवशी मी गेलो, तर ती सुनेवर कडाडत होती. "चटणीत दाणं टाकलंस ना? मारतीस का मला?"

"न्हाई वो आत्या, शप्पथ न्हाई," म्हणत सून रडत होती.

तेव्हा कुठं माझं तोंड उघडलं. डॉक्टरांपुढं खोटं बोललो तेही सांगितलं.

आक्का उठली. मग सुनेचा हात धरून म्हणाली, "चुकले गं पोरी." माझ्याकडं न बघताच म्हणाली, "म्या तुझ्यासाठी डॉक्टरास्नी ठणकावून सांगितलं व्हतं रं."

पाटीवरचं केशर मी पुसलं, रंगही बंद केला. गिऱ्हाईक विचारतं, जिलेबी अशी फिकी का? मी खरं ते सांगतो. काही जण ऐकून घेतात, काही पुढच्या दुकानात जातात.

राहूला अजून जातो. आक्का चहा करते, घरचं सगळं विचारते. पूर्वी मी नेलेलं काहीही ती न बघताच नातवंडांच्या हातात द्यायची. परवा केळी नेली होती. तिनं पिशवी हातात घेतली, आत बघितलं आणि सुनेला विचारलं, "पोरांना द्यायची का गं ही?"