तात्यांचं पोट आणि माझं तोंड

माझ्या वडिलांना एकदा माझ्यामुळे एनिमा घ्यावा लागला.

साल एकाहत्तर. मी राहुरीला शाळेत मास्तर होतो. तात्या मिरजगावहून पंधरा दिवस आमच्याकडे राहायला आले आणि आल्या दिवसापासून त्यांचं जेवण तुटलं. ताटावर बसायचे, दोन घास चिवडायचे, ‘भूक न्हाई’ म्हणून उठायचे. आठवड्यात गालफडं बसली. आपला स्वयंपाकच त्यांना रुचत नाही, असं वाटून माझी बायको रडकुंडीला आली. शेवटी घाबरून मी त्यांना एसटीत घातलं आणि नगरच्या एका दवाखान्यात भरती केलं.

तिथे साळवे नावाच्या सिस्टर होत्या. ठेंगण्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी तात्यांना विचारलं, “बाबा, काय होतंय?”

“पोटात दुखतं,” मी म्हणालो.

“कुठं दुखतं, बाबा?”

“बेंबीच्या डावीकडे.” (हे मी एसटीत तात्यांच्या चेहऱ्यावरून ठरवलं होतं.)

“शौचाला साफ होतं का, बाबा?”

“तीन दिवस नाही.” (हा निव्वळ अंदाज.)

“मी बाबांना विचारतेय, मास्तर.”

“त्यांना नीट सांगता येत नाही हो.”

तात्या छताकडे बघत होते.

माझी उत्तरं कागदावर गेली, कागद डॉक्टरांकडे गेला आणि तात्यांना आधी एरंडेल मिळालं, मग सकाळी एनिमा. पोटात आधीच काही नव्हतं. होतं नव्हतं तेही गेलं. तात्या भिंत धरून चालायला लागले. मी डॉक्टरांना म्हणालो, “अजून एक देऊन बघता का?”

तेव्हा साळवे सिस्टरांनी माझ्या हातात थर्मास दिला. “कोपऱ्यावरच्या हॉटेलातून गरम पाणी आणा. सावकाश आणा.”

परत आलो तर पडद्याआडून तात्यांचं हसणं ऐकू आलं. सिस्टर त्यांच्या बैलाची चौकशी करत होत्या आणि तात्या बोबडं बोलत होते. म्हटलं, गेली वाचा! धावत आत शिरलो. सिस्टरांच्या हातातल्या वाटीत तात्यांची कवळी होती.

“पोट ठणठणीत आहे,” सिस्टर म्हणाल्या. “हिरड्या बघा.”

हिरड्या दोन्ही बाजूंनी सोलवटल्या होत्या. कवळी मागच्या दिवाळीत मीच करून दिली होती.

“तात्या, मला का नाही सांगितलं?”

“तू लई हौसेनं केलीस रं. टोचती म्हनलं तर तुजं तोंड उतरंल. गावाकडं मी ती कोनाड्यातच ठिवतो. पर तुज्यासमूर कशी काढू?” मग म्हणाले, “आन् सांगाया तू मधी जागा कुठं ठिवलीस?”

सिस्टरांनी हिरड्यांना औषध लावलं, मऊ भात दुधात कालवून दिला. तात्यांनी दोन वाट्या संपवून तिसरी मागितली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. “काय आजोबा, आज कसं वाटतंय?”

मी तोंड उघडलं. (सवय.) साळवे सिस्टरांनी हातातला थर्मामीटर त्यात घातला.

मला ताप नव्हता. पण डॉक्टर पुढच्या खाटेकडे जाईपर्यंत त्यांनी तो काढला नाही.