हेल्मेटवर दोन थापट्या

कॉर्डेल बतिस्त इतका भिडस्त होता, की त्याने अमेरिकन फुटबॉलच्या वाटेला जायलाच नको होतं असं त्याची बायको ओडेट म्हणायची. जिथे माणसं एकमेकांच्या छाताडावर पाय देऊन पुढे जातात, तिथे हा दारात उभा राहून 'आधी तुम्ही' म्हणणारा! तरी नऊ वर्षं टिकला. टिकला म्हणजे काय, सहा टीमनी घेतला आणि अकरा वेळा काढला. एका टीमने तर एकाच मोसमात दोनदा काढला आणि दोन्ही वेळा ह्याने दरवाज्यावरच्या माणसाशी हात मिळवून त्याचे आभार मानले.

लुइझियानातल्या ओपलूससचा हा पोरगा. बाप भाताच्या गिरणीत, आई चर्चच्या स्वयंपाकघरात. कॉलेज इतकं लहान की मॅचला प्रेक्षकांपेक्षा डास जास्त. मोठ्या टीम कॉलेजची पोरं निवडतात, त्या दिवशी कुणी त्याचं नाव घेतलं नाही. मागच्या दाराने तो आत आला आणि पुढे नऊ वर्षं मागच्या दाराशीच राहिला. काम वाइड रिसीव्हरचं, म्हणजे जिवाच्या आकांताने पळत जायचं आणि मागून आलेला चेंडू हवेतच झेलायचा. पळायला तो आता थोडा मंद झाला होता, पण हात अजून तसेच होते. हातात आलेला चेंडू त्याने सोडला असं कधी झालं नाही.

एकतिसाव्या वर्षी टोलेडो गावच्या हेरन्स टीमने त्याला उन्हाळी शिबिराला बोलावलं. अकरा रिसीव्हर आणि जागा सहा. पाच जागा ठरलेल्याच होत्या, त्या पाचांची नावं गावातली पोरं पाठीवर मिरवत होती. उरली सहावी. सहाव्याला चेंडू क्वचितच मिळतो. आपल्या माणसाने किक मारली की सगळ्यांच्या आधी धावत जाऊन समोरच्याला लोळवायचं, ही त्याची खरी चाकरी. असल्या हमालीत कॉर्डेलचा हात धरणारा कुणी नव्हता. जुलै संपता संपता चार जण आपोआप गळले आणि त्या जागेसाठी दोघे उरले: कॉर्डेल, आणि आर्कान्सामधून आलेला बावीस वर्षांचा क्विलन मेझ.

नव्या पोराने जुन्याचं सामान वाहायचं, ही तिथली रीत. क्विलन रोज सरावानंतर स्वतःचे आणि कॉर्डेलचे असे दोघांचे खांद्याचे पॅड गळ्यात अडकवून यायचा. सकाळी सगळ्यांसाठी चिकन-बिस्किटं, म्हणजे चिकन घातलेले मऊ पाव, आणायची तीही त्यानेच.

"काका, तुमचे पॅड एवढे जड कसे हो? आत विटा भरता काय?"

"नऊ वर्षांचा घाम आहे तो, लेका. तुझ्यात मुरला की तुझेही जड होतील."

आता गंमत बघा. ज्याच्याशी आपली झुंज त्याला कुणी शहाणा माणूस काही शिकवतो का? पण हा शिकवायचा. वळायच्या आधी खांदा पाडू नकोस, त्यावरून समोरच्याला कळतं. मान फिरवायची घाई करू नकोस, आधी पाय फिरव. ओडेटला हे फोनवर कळलं तेव्हा ती कडाडली.

"घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजायची तुझी हौस कधी फिटणार रे?"

"अगं, पोरगा चांगला आहे."

"चांगला आहे म्हणूनच म्हणतेय! वाईट असता तर मी कशाला घाबरले असते?"

ओडेटने ह्या वेळी एक गोष्ट केली होती जी नऊ वर्षांत कधी केली नव्हती. दर वर्षी ती म्हणायची, टीमची शेवटची यादी लागू दे, मग बिऱ्हाड हलवायचं बघू. ऑगस्टच्या शेवटी यादी लागायची, तीत ह्याचं नाव नसायचं, हा घरी यायचा, आणि विषय मिटायचा. लेक झोई सात वर्षांची झाली तरी बाप कुठे काम करतो ह्याचं तिचं उत्तर वर्षाला दोनदा बदलायचं. पण यंदा कॉर्डेल आपण होऊन म्हणाला होता, "वाटतंय गं, ह्या वेळी जमणार." तो असं कधी बोलत नसे. तेवढ्या एका वाक्यावर त्या माउलीने घर सोडत असल्याचं मालकाला कळवलं, झोईचं नाव टोलेडोच्या शाळेत घातलं, भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यांत भरली. एक वर्ष, नुसतं एक अख्खं वर्ष तिघांनी एका छताखाली राहायचं, एवढंच तिला हवं होतं.

शेवटची सराव-मॅच शनिवारी दुपारी होती. सकाळी हॉटेलच्या दारात क्विलनची आई भेटली. व्हर्लीन मेझ. कोंबड्यांच्या कारखान्यात पाळी बदलून, पंधरा तास बसमध्ये बसून आलेली. पाय सुजलेले, आणि अंगात लेकाच्या नंबरचा नवा कोरा शर्ट.

"तूच ना तो कॉर्डेल? माझा पोरगा फोनवर दुसरं काही बोलतच नाही बघ."

"चुगल्या करत असेल, मिस व्हर्लीन." मोठ्या बाईला 'मिस' म्हणायची त्यांच्या दक्षिणेकडची पद्धत.

"देव तुझं भलं करो, बाळा. मोठ्या मैदानात त्याला मी कधी पाहिलंच नाही. आज एकदा पळताना दिसला ना, की मी परत जायला मोकळी."

झालं! भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ती अशी गाठते. ह्या बाईचा चेहरा दिवसभर त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

मॅचमध्ये कॉर्डेल सुरेख खेळला. तीन चेंडू झेलले, दोन किकांवर समोरच्याला जागच्या जागी आडवा केला. क्विलन मात्र बाजूच्या रेघेवर उभा. मॅचच्या चार भागांपैकी तीन सरले, चौथा अर्धा सरला, तरी त्याला कुणी बोलावलं नाही. हेल्मेट चढवून, पट्टा आवळून तो नुसता उभा होता. वर तेराव्या रांगेत मिस व्हर्लीन पर्स मांडीवर घेऊन बसली होती. लोक उठून जाऊ लागले तरी ती बसून होती.

तिथे खेळाडूला दम लागला की तो स्वतःच्या हेल्मेटवर दोन थापट्या मारतो. मग रेघेवरचा त्याच्या जागी आत येतो, कुणी काही विचारत नाही. सहा मिनिटं उरली होती. कॉर्डेलने वर तेराव्या रांगेकडे पाहिलं आणि हात उचलून हेल्मेटवर दोन थापट्या मारल्या. एकच डाव, त्याने मनात म्हटलं, एकदा पळू दे पोराला, मग जातो परत. श्वास त्याचा अगदी शांत होता.

क्विलन आत पळाला. आणि नेमका त्याच वेळी बाकावरून लांब चेंडूचा इशारा आला, जो कॉर्डेलच्या जागेवरच्या माणसाकडे जायचा होता. पोराने खांदा पाडला नाही, आधी पाय फिरवले, मग मान. चेंडू दोन्ही हातांत घेतला आणि थेट शेवटच्या रेघेपार जाऊन थांबला. टचडाउन! मिस व्हर्लीन खुर्चीवर चढून ओरडत होती. कॉर्डेलही ओरडला. खरंच ओरडला, त्याला मनापासून आनंद झाला होता. मग तो परत आत जायला निघाला, तर कोच रुश्का हात आडवा करून म्हणाले, "थांब. आता त्यालाच बघू दे मला."

मंगळवारी सकाळी ऑफिसातला माणूस खोलीशी आला. त्याला कुणी 'या' म्हणत नाही. "कोचनी बोलावलंय. तुझा टॅब घेऊन ये." डावपेचांचा टॅब परत मागितला की पुढचं कुणी बोलून दाखवायची गरज नसते.

रुश्का म्हातारा, नेब्रास्काचा, तोंडाने फटकळ पण मनाचा सरळ. त्यांनी दार स्वतः लावून घेतलं.

"शनिवारी दुपारपर्यंत सहाव्या जागेवर तुझं नाव होतं, कॉर्डेल. माझ्या हाताने लिहिलेलं."

कॉर्डेलने काखेतला टॅब काढून मांडीवर ठेवला.

"पण वरच्या मंडळींनी फिल्म पाहिली. म्हणाले, एकतिसाव्या वर्षी शेवटच्या सहा मिनिटांत ज्याला दम लागतो, तो डिसेंबरच्या बर्फात किती पळणार? आणि तिकडे तो पोरगा." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मला एक सांग. सोळा आठवडे तुला बघतोय, तू कधी थापट्या मारल्या नाहीस. खरंच दम लागला होता?"

"नाही, कोच."

"मग?"

"त्याची आई आली होती. त्याला अजून आत घेतलं नव्हतं."

रुश्कांनी चष्मा काढला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"अरे गाढवा," ते शेवटी म्हणाले, "हे मी वर जाऊन सांगू? दमला नव्हता, दया आली होती, असं सांगू? दमलेल्याला एकवेळ ठेवतील. जो आपली जागा स्वतः होऊन सोडतो, त्याला कोण ठेवतो रे?"

त्यांचे डोळे भरून आले होते. कॉर्डेलने टॅब टेबलावर ठेवला, हात मिळवला, आभार मानले. ती खोड कुठे जाणार?

खालच्या खोलीत त्याने आपलं सामान काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरलं. क्विलन समोर येऊन उभा राहिला. जागा आपल्याला मिळाली हे त्याला कळलं होतं, आणि तो आनंद तोंडावर मावतही नव्हता, लपवताही येत नव्हता.

"काका, तुम्हाला नेमका तेव्हाच दम लागला. नाहीतर मी कुठला आलो असतो?"

"वय झालं रे," कॉर्डेल म्हणाला. "आईला सांभाळून ने घरी."

पोराने पिशवी उचलून गाडीपर्यंत नेली. जायच्या आधी त्याने कॉर्डेलला घट्ट मिठी मारली आणि पळत पळत आत गेला, कारण साडेदहाला बैठक होती.

गाडीत बसून कॉर्डेलने घरी फोन लावला. मागे चिकटपट्टी फाडल्याचा आवाज येत होता, ओडेट अजून खोकी बांधत होती. त्याने सांगून टाकलं. आवाज थांबला.

"मी टीव्हीवर मॅच बघत होते," ती म्हणाली. "तू थापट्या मारल्यास तेव्हा मला वाटलं गुडघा गेला. देवाचं नाव घेत बसले होते मी, शनिवारपासून विचारायचा धीर झाला नाही. गुडघा गेला होता का?"

खोटं बोलता आलं असतं. कोचला खरं सांगून झालं होतं, पोराला खोटं सांगून झालं होतं, आणि बायकोशी खोटं बोलायचं बळ आता उरलं नव्हतं.

"नाही गं. त्या पोराची आई आली होती. तिला त्याला पळताना बघायचं होतं."

ओडेट रडली नाही आधी. मागून झोईने विचारलं, "बाबा आहे का? माझी सायकल ट्रकमध्ये मावेल का विचार ना." तेव्हा मात्र तिला हुंदका आवरला नाही.

"तिला बघायचं होतं," ती म्हणाली. "आणि मी, कॉर्डेल? नऊ वर्षं मी कुणाला बघत बसले होते रे?"

पलीकडे झोई अजून सायकलचंच विचारत होती.