पायांतलं पाणी

उन्हातून आलो आणि सासुरवाडीच्या माठातलं तांब्याभर पाणी उभ्या उभ्या घटाघटा प्यायलो. वर 'आहाहा' असंही म्हणालो. मग दिसलं, समोर खाटेवर सासरे बसले होते. त्यांचं हृदय थकलंय म्हणून डॉक्टरांनी पाणी दिवसाला एक बाटली, असं बांधून दिलंय. ती बाटली उशाशी रिकामी पडली होती.

ओशाळून मी त्यांचे पाय चेपायला बसलो. पावलं पाण्यानं टम्म फुगलेली. बोट दाबलं तिथे खड्डा पडला, तो बोट काढलं तरी बुजेना. माणूस म्हणजे बहुतेक पाणीच, असं मी वर्गात मोठ्या ऐटीत शिकवतो. ते पाणी पायांत भरून राहतं आणि जिभेपर्यंत पोचत नाही, हे मात्र कधी शिकवलं नव्हतं.

सासरे सुकल्या ओठांनी हसले. "जावईबापू, खालची टाकी भरलीय. वर चढवायला एखादी मोटार बघा की!"

मोटार छातीतच आहे आणि तीच दमलीय, हे दोघांनाही ठाऊक होतं. मी चेपत राहिलो.

 परतताना बायको म्हणाली, "तुम्ही पाणी पीत होतात ना, तेव्हा तुमच्या प्रत्येक घोटाबरोबर बाबाही गिळत होते."