डच आजींच्या कागदावर सही करू का?

मंडळी, नेदरलँड्समधल्या आल्मेरेच्या राहत्या घरात मी पर्शियन मांजरांची पैदास करतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आज दुपारी पिल्लू बघायला एक डच आजी आल्या. वय एक्क्याऐंशी.

पिल्लू त्यांच्या मांडीवर झोपलं, तसा त्यांनी पर्समधून एक कागद काढला. "मी गेल्यावर मांजर तुमच्याकडे परत येईल. इथे सही करा, म्हणजे मी निर्धास्तपणे नेते."

मी आपल्या सवयीने म्हणालो, "असं अभद्र कशाला बोलता? तुम्ही शंभरी गाठाल."

"तुम्हाला कसं माहीत?" त्यांनी शांतपणे विचारलं. "मांजर पंधरा वर्षं जगतं, मी नाही जगणार. तोवर तुम्ही इथेच असाल ना?"

आत स्वयंपाकघरात बायकोचं, सुनीताचं, लाटणं थांबलेलं मला ऐकू आलं. सात वर्षं आम्ही 'पुढच्या वर्षी पुण्याला परत' म्हणतोय.

"विचार करून सांगतो," मी म्हणालो. आजी पिल्लू न घेताच गेल्या. शनिवारी पुन्हा येणार आहेत.

दार लागल्यावर सुनीता म्हणाली, "अहो, मलाही हेच उत्तर देत आलात. निदान त्यांना तरी खरं सांगा."

खरं काय, ते मलाच कळेना. तुम्ही काय सांगितलं असतंत?