मोरीमागचे डेंगळे

"बाजारचं उळं मिसळलं असणार तिनं. दुसरं कोण मिसळणार?"

पाण्याची कळशी घेऊन मी समाजमंदिराच्या पायरीवर पोचले तेव्हा दाराशी बसलेल्या दोघी बोलत होत्या. मला बघून गप्प झाल्या. मग एकीनं कळशीला हात लावला आणि हसून म्हणाली, "मॅडम, सावकाश. सांडंल."

मी याच गावची. पण दहावीपर्यंत नाशिकला मामांकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले, म्हणून मॅडम. कॉलेजही तिथेच संपवून घरी परतले त्याला दोन वर्षं होत आली होती, तरी ते नाव सुटलं नव्हतं. आई बचत गटाची अध्यक्ष. तिनं परस्पर ठरवून मला गटाच्या सभेचं रजिस्टर लिहायला बसवलं होतं. मी मराठी हळू लिहिते. जोडाक्षराशी थांबते. बायका तोवर दुसऱ्या विषयावर गेलेल्या असतात. "मॅडमचं अजून 'उपस्थित'वरच चाललंय," असं कुणीतरी म्हणतं आणि सगळ्या हसतात. त्या दिवशी आत कुणी हसत नव्हतं.

मधोमध फरशीवर कांद्यांचा ढीग ओतलेला होता. सायखेड्याकडच्या एका गटातल्या तिघी जणी सकाळच्या एसटीनं गोणी घेऊन आल्या होत्या. गेल्या वर्षी त्यांनी आमच्या गटाकडून उन्हाळ कांद्याचं उळं, म्हणजे बियाणं नेलं होतं. आता काढणी झाली, आणि प्रत्येक वाफ्यात असले पाच-सहा निघाले होते. रंगानं गडद लाल, मान जाड, काहींना मधूनच फुलाचा दांडा आलेला. असा कांदा साठवणीच्या चाळीत टिकत नाही. आधी तो सडतो, मग शेजारचे सडवतो.

"आम्ही तुमच्या नावावर नेलं ताई," त्यांच्यातली वयस्क बाई आईला म्हणाली. "दुकानात पाकिटं होती की. पण म्हटलं, बायकांनी केलेलं हाय, खोटं नसंल."

आमच्याकडे कांदा कुणाचा हे कुणी विचारत नाही, उळं कुणाचं हे विचारतात. गटानं चार वर्षांपूर्वी गटातल्याच दोघींचं मिळून एकच वावर बियाण्याला घेतलं होतं. चांगले गोल, एकसारखे कांदे निवडून लावायचे, त्यांना डेंगळे, म्हणजे फुलाचे दांडे, येऊ द्यायचे, वरचा पांढरा गोंडा वाळला की कापून झोडपायचा. ज्यांना स्वतःची गुंठाभर जमीन नाही त्यांनाही यात काम होतं. हळूहळू आजूबाजूचे गट आमच्याकडेच येऊ लागले. उळ्याच्या पिशवीला हळदकुंकू लावून आई ती दोन्ही हातांनी द्यायची.

झोडपलेलं उळं पाखडायचं काम एका मावशींचं. नवऱ्याचं घर सोडून त्या भावाच्या गावी, म्हणजे इथे, आलेल्या. भावजयीनं मागच्या पडवीत जागा दिली होती. गटातलं हे काम म्हणजे त्यांच्या वर्षाचा आधार. सूप असं चालवायच्या की फोल पुढे उडायचं आणि काळं उळं मागे सरकून त्यांच्या पोटाशी जमायचं. मग दोन दाणे दातांखाली धरून बघायच्या. कट्कन वाजलं तर वाळलं. मला त्यांनी एकदा चावायला दिले होते. मला काही वाजलेलं ऐकू आलं नाही. "तुमचे दात इंग्लिश," म्हणाल्या होत्या. माझ्या थट्टांपैकी तेवढी एकच मला आवडलेली.

त्या आता भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी गळ्याशी धरलेला.

"उळं शेवटी कुणाच्या पडवीत होतं?" दाराजवळची म्हणाली. "पाखडून झाल्यावर आठ दिवस तिच्याकडंच होतं ना?"

"मी कशाला मिसळू बाई?"

"वजन भरायला. चांगलं थोडं काढून घ्यायचं, बाजारचं टाकायचं."

"काढून कुठं लावू? भावाच्या पडवीत?"

एक-दोघी हसल्या आणि लगेच थांबल्या. गटाला मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेतून आलेल्या ताई म्हणाल्या, की कांद्याचा संकर मधमाशांमुळेही होतो, जवळपास लाल कांदा फुलावर असला तर पुरतं.

"नव्हता ना पण," आई म्हणाली. "शिवारात त्या वर्षी दुसरे डेंगळे ठेवायचे नाहीत, हे सांगायला मी स्वतः घरोघर फिरले. ज्यांनी ठेवले होते त्यांनी माझ्यासमोर उपटले. एका घरी तर शिव्या खाल्ल्या मी."

तिचा आवाज खणखणीत होता. मी रजिस्टरवर मान घातली.

कारण डेंगळे होते. आमच्याच मोरीमागे.

घरात ठेवलेल्या लाल कांद्यांना मोड आले की आमच्याकडे ते फेकत नाहीत. मोरीचं पाणी जातं तिथे खोचून ठेवतात, आठवड्याभरात भाजीला पात निघते. त्या वर्षी मी दहा-बारा खोचले होते. पात खाल्ली, आणि मग ते तसेच राहिले. त्यांना दांडे आले, दांड्यांवर गोंडे फुलले. मला ते फार सुंदर वाटले. नाशिकला इतकी वर्षं राहून मी कांद्याचं फूल जवळून कधी पाहिलंच नव्हतं. आई एकदा भांडी घासताना म्हणाली होती, "ते काढून टाक गं." मी हो म्हटलं. काढले नाहीत. बांधापलीकडेच गटाचं वावर होतं.

माझ्या फोनमध्ये त्यांचा फोटो आहे. गोंड्यावर मधमाशी बसलेली आहे. मी तो स्टेटसला ठेवला होता आणि गटातल्याच तिघींनी त्याला हार्ट दिलं होतं. कुणालाच काही खटकलं नाही. शिवार म्हणजे वावर. मोरीमागची ओल कुणी शिवारात धरत नाही.

सायखेड्याकडच्या बायकांनी आठवड्यापूर्वी त्या लाल कांद्यांचा फोटो पाठवला, तेव्हाच मी फोनवर कांद्याच्या संकराबद्दल वाचून काढलं होतं आणि मला कळलं होतं. आठवडाभर मी आईच्या समोर जेवले. रोज ठरवलं, आज सांगायचं. मग वाटायचं, अध्यक्षांच्याच घरी हे झालं म्हटल्यावर यापुढे आमच्या गटाची पिशवी कोण हातात घेईल? आणि आई कुठल्या तोंडानं कुणाच्या दारात जाईल? आपल्या आपण मिटेल, असंही वाटायचं. मावशींचं नाव निघेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"मग ठराव घ्या," दाराजवळची म्हणाली. "पाव्हण्या बायकांसमोर घ्या. जिनं चूक केली ती आता गटात नाय, एवढं त्यांना कळू द्या. नायतर सगळ्यांचंच नाव जाईल."

आईनं सगळ्यांकडे बघितलं. कुणी नाही म्हटलं नाही. तिची नजर फिरत माझ्यापर्यंत आली आणि थोडी थांबली. तिला ते भांडी घासतानाचं आठवलं का, हे मला त्या क्षणी कळलं नाही, आणि नंतर मी विचारलंही नाही. ती एवढंच म्हणाली, "लिही."

मी लिहायला लागले. मावशींचं नाव, त्यापुढे 'यांचे सदस्यत्व'. 'सदस्यत्व'च्या शेवटच्या अक्षराशी थांबले. त्या शब्दातला त आणि व जोडायचा होता.

मावशी उठल्या. "लिहा, लिहा. सही करता नाय येत, अंगठा देते," म्हणाल्या, आणि माझ्यासमोर येऊन बसल्या. शाईच्या डबीसाठी त्यांनी अंगठा पुढे केला. अंगठ्याच्या पेरावर सुपाच्या काठानं पडलेला घट्टा होता. त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. रागावलेल्या नव्हत्या. जणू दवाखान्यात नंबर आला होता.

"झालं का गं?" आई म्हणाली. "वाचून दाखव."

"वाचा मॅडम, मोठ्यानं," मागून कुणीतरी म्हणालं.

त्या खोलीत मी आजवर लिहिलेलं वाचण्यापलीकडे एक वाक्य बोलले नव्हते. तोंड उघडलं तर आधी इंग्रजीच येईल अशी भीती वाटत होती. मी शाईची डबी उघडली नाही. मावशींचा अंगठा हातात धरून खाली त्यांच्या मांडीवर ठेवला. रजिस्टर मिटलं. आईकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि तिच्याकडेच बघून म्हणाले,

"मावशींनी काही मिसळलं नाही. लाल कांद्याचे डेंगळे आपल्या मोरीमागे होते. तू काढ म्हणाली होतीस, मी काढले नाहीत. फोटो आहे माझ्याकडे. सगळ्यांना दाखवते."