सोमवार तुमचा

अक्काला एका जागी बसवत नसे. चामराजपेटेतल्या दत्तमंदिरात गुरुवारच्या भजनाला बायका मांडी घालून बसत आणि ही दाराशी उभी, एक पाय आत, एक बाहेर. हातात टाळ, नजर रस्त्यावर. भजन संपेपर्यंत दोघींच्या घरच्या अडचणी तिला कळलेल्या असत आणि तिसरीकडे जायला तिने चप्पल पायात सरकवलेली असे. "देव कुठे पळून जात नाही, माणसं जातात," म्हणायची.

माझी आई त्या मंदिरात क्वचितच जाई. वडिलांना सोडून ती मला घेऊन बेंगळुरूला आली होती आणि तयार कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर बसायची. मी नववीत असताना तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं. पुढे सहा आठवडे रोज रेडिएशनला जायचं होतं आणि तिला तर जिनाही उतरवत नव्हता. मी एकटीच देवळात गेले. "आई कुठाय गं?" अक्काने दारातच विचारलं. मी सगळं सांगून टाकलं.

त्या दिवशी आरती झाल्यावर तिने प्रसादाचं पातेलं उचलून कडेवर धरलं. "प्रसाद नंतर. आधी हिच्या आईबरोबर हॉस्पिटलात कोण कुठल्या वारी जाणार ते सांगा."

मग एक बाई हळूच म्हणाल्या, "नवऱ्याला सोडून आलेली ना ती?"

"त्याला सोडलं. आपल्याला सोडलंय का?" अक्का म्हणाली, "सोमवार तुमचा."

तेव्हा घरोघर फोन नव्हते. कुणाचं चुकू नये म्हणून अक्का रोज सकाळी त्या त्या वाराच्या घरी जाऊन कडी वाजवायची. निवृत्त पोस्टमास्तर आईला रिक्षातून हॉस्पिटलात नेत आणि वाटभर एक अक्षर बोलत नसत. सोमवारच्या बाई आल्या की आमचे डबे पुन्हा लावून ठेवत. मिठाचा डबा शोधता शोधता माझा जीव जाई. घरात सारखं कुणीतरी असे. मला पळून जावंसं वाटायचं.

आईला तर लाज खाऊन टाकत होती. "अक्का, उद्यापासून कुणाला पाठवू नका," ती एकदा म्हणाली.

अक्का खोलीत येरझाऱ्या घालत होती. थांबली. "लाज वाटते ना तुला? सरी, ठीक आहे. वाटू दे. पेज गार होतेय, ती आधी पी."

आईने तिच्याकडे रागाने पाहिलं आणि पेज प्यायली.

सगळ्यांनी इतकं करूनही आजार हटला नाही. दिवाळीनंतर आई गेली. तिला शेवटची साडी नेसवली ती सोमवारच्या बाईंनीच. निऱ्या पुन्हा पुन्हा सोडून नीट घालत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

तेराव्याला बेळगावहून मामा आले. माणूस वाईट नव्हता. "पोरीला घेऊन जातो. शाळेचं पुढे बघू. मामीला घरात हाताशी होईल," म्हणाले. पोस्टमास्तरांनी मान हलवली. बाकीचेही बरोबरच आहे म्हणू लागले. अक्का मात्र माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "तुला कुठे राहायचंय?"

तोवर मला काय हवंय ते कुणी विचारलंच नव्हतं.

"इथे," मी म्हणाले. "मला शाळा सोडायची नाही."

"ऐकलंत?" अक्का मामांना म्हणाली. "मी एकटीच असते. माझ्याकडे राहील."

शाळा, कॉलेज, पहिली नोकरी, सगळं मी तिच्याच घरातून केलं. आता अक्काही नाही. तिची आठवण निघाली की मला त्या घरातली पहिली सकाळ दिसते. शाळेची वेळ झाली होती. तिने मला पुढ्यात बसवून वेणी घालायला घेतली. सवय नव्हती, हातात घाई, कंगवा सारखा अडकत होता. आई गेल्यापासून मी रडले नव्हते; तिथे एकदम रडू फुटलं. अक्काला वाटलं, केस ओढले गेले. "स्वल्प थांब गं बाळा, झालंच," ती म्हणाली आणि हलक्या हाताने विंचरत राहिली. मी तिला खरं कारण सांगितलं नाही.